विश्लेषण : घरात बनलेल्या व्हिडीओ गेमला पैसे कोण देते? आणि कोणत्या अटींवर?

दिवसा ऐरोलीच्या आयटी पार्कात किंवा अंधेरीच्या ॲनिमेशन स्टुडिओत नोकरी आणि रात्री डोंबिवलीला उतरून जेवण आटोपले की दोन तास स्वतःचा गेम. ठाणे ते कल्याण पट्ट्यात राहणाऱ्या हौशी गेम डेव्हलपरची सुरुवात साधारण अशी होते. युनिटी, अनरिअल, गोडो ही गेम बनवण्याची इंजिने सुरुवातीला फुकट मिळतात आणि शिकवणारे व्हिडीओही ढिगाने आहेत. अडते ते पुढे. नोकरी सोडून वर्ष-दीड वर्ष पूर्णवेळ काम केल्याशिवाय बहुतेक गेम पूर्ण होत नाहीत आणि तेवढे महिने घर चालवायला पैसा लागतो. प्रकाशकासमोर किंवा गुंतवणूकदारासमोर गेम मांडून हा पैसा मागण्याला या क्षेत्रात ‘पिच’ म्हणतात. क्रिकेटच्या पिचशी त्याचा संबंध नाही, पण चेंडू कसा वळेल हे आधी सांगता येत नाही, एवढे साम्य आहे.

पुण्याच्या ‘राजी’चा अनुभव काय सांगतो?

महाराष्ट्रातील सर्वाधिक चर्चा झालेले उदाहरण पुण्याचे आहे. श्रुती घोष, अविचल सिंह आणि इयन मॉड यांच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ने ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा गेम बनवला. असुरांनी पळवलेल्या भावाला शोधायला निघालेली राजी ही त्याची नायिका. राजस्थानी किल्ले-महाल, पहाडी चित्रशैली आणि छायाबाहुल्यांचा खेळ यांतून त्याचे जग उभे केले होते. निर्मितीसाठी २०१७ मध्ये स्टुडिओने ‘किकस्टार्टर’वर लोकवर्गणीची मोहीम चालवली. किकस्टार्टरचा नियम कडक आहे. ठरवलेली पूर्ण रक्कम मुदतीत जमली तरच पैसे हाती येतात, अन्यथा एक रुपयाही नाही. ‘राजी’ची मोहीम अपयशी ठरली.

त्यानंतर काम थांबू नये म्हणून अविचल सिंह यांनी स्वतःचा फ्लॅट विकला. ज्या घरात अजून गृहकर्जाचा हप्ता सुरू आहे, तिथे या एका वाक्याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. पुढे ‘सुपर डॉट कॉम’ हा प्रकाशक मिळाला. १८ ऑगस्ट २०२० रोजी गेम आधी निन्टेंडो स्विचवर आणि ऑक्टोबरमध्ये इतर कन्सोल व संगणकावर आला. त्याच वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये सर्वोत्तम पदार्पणासाठी नामांकन मिळालेल्या पाच गेममध्ये ‘राजी’ होता.

या गेमची बातमी बहुतेकांनी नामांकनापासून वाचली. पिचच्या दृष्टीने महत्त्वाचा काळ मात्र मोहीम फसल्यापासून प्रकाशक मिळेपर्यंतचा आहे. तो काळ कोणाच्या खिशातून काढायचा, हे पैसे मागायला जाण्यापूर्वीच ठरलेले असावे लागते.

प्रकाशक आणि गुंतवणूकदार यांत फरक काय?

दोघेही पैसे देतात, त्यामुळे एकच सादरीकरण दोघांना पाठवण्याची चूक सर्रास होते. प्रकाशक एका गेमला पैसे देतो. तो कंपनीचा हिस्सा बहुधा मागत नाही. गेम विकला गेला की आधी स्वतःची रक्कम वसूल करतो, नंतर उत्पन्न वाटून घेतो. शिवाय जाहिरात, चाचणी, भाषांतर, कन्सोलवर गेम आणणे ही कामेही बरीचशी तोच पाहतो. ‘स्टीम’ या संगणकावरील गेमच्या सर्वात मोठ्या ऑनलाइन दुकानात २०२४ या एका वर्षात सुमारे १९ हजार गेम दाखल झाले. त्या गर्दीत आपला गेम दिसावा, हे प्रकाशकाचे खरे काम.

गुंतवणूकदार कंपनीला पैसे देतो आणि कंपनीचे समभाग घेतो. त्यासाठी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी लागते, भागीदारीत ते जमत नाही. व्हेंचर फंडाला साधारण दहा वर्षांत आपल्या गुंतवणूकदारांचे पैसे अनेक पटींनी परत करायचे असतात. त्यामुळे ‘चार तासांची हळवी गोष्ट, एकदाच विकत घ्यायची’ असा गेम कितीही उत्तम असला तरी फंडाच्या गणितात बसत नाही. फंडाला वर्षानुवर्षे चालणारा, रोज लाखो लोक खेळतील असा गेम हवा असतो किंवा इतरांना विकता येईल असे तंत्रज्ञान.

दोन्ही वाटा महाराष्ट्रात दिसतात. ‘राजी’ प्रकाशकाच्या वाटेने गेला. पुण्याच्याच ‘सुपरगेमिंग’ने गुंतवणूकदारांची वाट धरली. २०२१ मध्ये कंपनीने ५५ लाख डॉलर उभारले आणि तिचा ‘इंडस’ हा बॅटल रॉयल गेम २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये आला. तिसरी वाट ठाणे जिल्ह्यातच आहे. नवी मुंबईच्या ‘गेमशन’चा ‘लुडो किंग’ २०१६ मध्ये आला आणि बाहेरच्या गुंतवणूकदाराविना, जाहिरातींच्या उत्पन्नावर वाढला. ही वाट ऐकायला सर्वात सुखाची वाटते. पण लुडो शिकवावा लागत नाही. नवी कल्पना घेऊन येणाऱ्याला ती सवलत नसते.

या दोहोंच्या मध्ये काही नवे पर्याय तयार झाले आहेत. सोनीच्या ‘इंडिया हीरो प्रोजेक्ट’मध्ये निवडक भारतीय स्टुडिओंना पैसा आणि मार्गदर्शन मिळते. मानवी तस्करीवरचा, संग्रहालयात घडणारा ‘मुक्ती’ हा मुंबईच्या ‘अंडरडॉग्ज स्टुडिओ’चा गेम त्यातलाच. ‘पबजी’वाल्या क्राफ्टन कंपनीने २०२३ मध्ये भारतासाठी इन्क्युबेटर सुरू केला, तेव्हा प्रत्येक निवडक चमूला ५० हजार ते दीड लाख डॉलर देण्याचे जाहीर केले होते. ‘लुमिकाई’सारखा केवळ गेमिंगमध्ये गुंतवणूक करणारा फंडही २०२० पासून आहे.

पिचमध्ये नेमके काय दाखवायचे?

होतकरू डेव्हलपरच्या सादरीकरणात पहिली सहा-सात पाने कथेची असतात. कोणते राज्य, कोणता शाप, कोणत्या देवतेचे कोणते शस्त्र. प्रकाशकाचा प्रश्न त्याहून साधा असतो. खेळणाऱ्याच्या हाताला काम काय? तो पळतो, बांधतो, लपतो, जुळवतो की निर्णय घेतो? आणि ते दहाव्या मिनिटाला जेवढे मजेचे वाटते, तेवढेच तिसऱ्या तासाला वाटेल का? याचे उत्तर पहिल्या पानावर, एका वाक्यात आणि सोबत अर्ध्या-एक मिनिटाच्या व्हिडीओत असावे लागते. व्हिडीओत कंपनीचे बोधचिन्ह नको, खेळ हवा.

दहा ते पंधरा पाने पुरतात. त्यात खेळ, चमू, आतापर्यंत झालेले काम, उरलेले काम, वेळापत्रक, खर्च आणि याच धाटणीच्या अलीकडच्या गेमची तुलना येते. तुलना करताना कोट्यवधी प्रती खपलेल्या एखाद्या चमत्काराचे नाव टाकणे म्हणजे गल्लीतल्या संघाने स्वतःची तुलना विश्वचषक विजेत्यांशी करणे. गेल्या दोन-तीन वर्षांतले, आपल्याएवढ्याच चमूने बनवलेले, बरे चाललेले आणि एखादा पडलेला, असे चार गेम दाखवले तर समोरच्याला कळते की अभ्यास झालेला आहे.

सर्वात जड पारडे मात्र कागदाचे नसते, खेळता येणाऱ्या तुकड्याचे असते. त्याला ‘व्हर्टिकल स्लाइस’ म्हणतात. अळूवडीचा एक काप घेतला की पान, बेसन, मसाला असे सगळे थर त्यात दिसतात, तसाच हा प्रकार. गेमची फक्त दहा मिनिटे, पण त्यात चित्रे, आवाज, नियंत्रण, मेनू, सगळे अंतिम दर्जाचे. संपूर्ण गेमचा कच्चा सांगाडा दाखवण्यापेक्षा हा छोटा तुकडा जास्त काही सिद्ध करतो, कारण त्यावरून उरलेल्या कामाला किती वेळ लागेल याचा हिशेब निघतो. पहिल्या दहा मिनिटांना सात महिने लागले असतील तर उरलेले चार तास वर्षभरात कसे होतील, हे प्रकाशक विचारणारच.

बहुतेक प्रकाशकांच्या संकेतस्थळावर पिच पाठवण्याचा अर्ज असतो. ओळखीपाळखीची गरज नाही, पण उत्तराला काही आठवडे ते काही महिने लागतात आणि पुष्कळदा उत्तर येतच नाही. ‘रॉ फ्युरी’ या स्वीडिश प्रकाशकाने २०२१ मध्ये स्वतःच्या प्रकाशन कराराचा मसुदाच जाहीर केला. पहिल्यांदा पिच करणाऱ्याने तो आधी वाचावा.

किती पैसे मागायचे?

समजा, डोंबिवलीतल्या तिघा मित्रांना दीड वर्ष लागणार आहे. प्रत्येकाला महिना ४० हजार रुपये धरले तर १८ महिन्यांचे २१ लाख ६० हजार. संगणक व उपकरणे तीन लाख, संगीत-ध्वनी दोन लाख, चाचणी व भाषांतर दोन लाख ४० हजार, सीए आणि वकील एक लाख. एकूण ३० लाख. काम लांबतेच, म्हणून पाच लाख राखीव. मागणी ३५ लाख, म्हणजे ढोबळमानाने ४० हजार डॉलर.

इथे एक उलटी चूक होते. घरचे भाडे नाही, आईच्या हातचे जेवण आहे, म्हणून तिघे स्वतःचा पगार शून्य दाखवतात आणि दहा लाखांत गेम करतो म्हणतात. प्रकाशकाला हा आकडा स्वस्त वाटत नाही, धोक्याचा वाटतो. पगार नसलेला माणूस सहाव्या महिन्यात नोकरीच्या मुलाखतीला जातो, हे त्याने पाहिलेले असते.

उचल कशी फेडली जाते?

करारातला हा सर्वात महत्त्वाचा भाग, आणि सर्वात कमी वाचला जाणारा. प्रकाशक देतो ती रक्कम अनुदान नसते. ऊसतोडणीला किंवा वीटभट्टीला जाताना घेतात तशी ती उचल असते. फरक एवढाच की गेम विकला गेला नाही तर सहसा ती घरातून परत करावी लागत नाही. मात्र विकला गेला तर ती आधी कोणाच्या वाट्यातून वळती होते, यावर सगळे अवलंबून असते.

वरचेच उदाहरण पुढे नेऊ. प्रकाशकाने निर्मितीला ३५ लाख दिले आणि जाहिरात व इतर कामांवर १५ लाख खर्च केले. वसूल करायची रक्कम झाली ५० लाख. कर, सवलती, परत केलेल्या प्रती वजा जाता एका प्रतीचे सरासरी ४०० रुपये येतात असे धरू. स्टीमचे ३० टक्के गेले की उरतात २८०. पहिल्या वर्षी २० हजार प्रती खपल्या. छोट्या चमूच्या पहिल्या गेमला हा आकडा वाईट नाही. जमा झाले ५६ लाख.

करारात ‘संपूर्ण वसुली होईपर्यंत सर्व उत्पन्न प्रकाशकाचे, नंतर निम्मे-निम्मे’ असे असेल, तर जवळपास १७ हजार ९०० प्रतींपर्यंत तिघांना काहीच मिळत नाही. उरलेल्या सहा लाखांचे निम्मे, म्हणजे तीन लाख. माणशी एक लाख. ‘वसुलीच्या काळात ७० टक्के प्रकाशकाचे, ३० टक्के डेव्हलपरचे’ असे असेल, तर त्याच विक्रीतून तिघांना १६ लाख ८० हजार मिळतात. आणि ‘पहिल्या प्रतीपासून निम्मे-निम्मे, प्रकाशकाने आपली वसुली आपल्या निम्म्यातून करावी’ असे असेल, तर २८ लाख. गेम तोच, विक्री तीच. तीन लाख की २८ लाख, हे एका ओळीने ठरते. तिसरा पर्याय नवख्यांना क्वचितच मिळतो, हे खरे. पण पहिल्यावरून दुसऱ्यावर येण्यासाठी घासाघीस करता येते, हेच अनेकांना ठाऊक नसते.

आणखी एक खाच जाहिरातीच्या खर्चात असते. त्याला कमाल मर्यादा लिहिलेली नसेल आणि प्रकाशकाने १५ ऐवजी २५ लाख खर्च दाखवला, तर वसुली ६० लाखांवर जाते आणि पहिल्या पर्यायात २० हजार प्रती खपूनही तिघांच्या हाती शून्य. म्हणून खर्चाची मर्यादा, दर तिमाहीचा हिशेब आणि तो तपासून घेण्याचा अधिकार, या तीन गोष्टी लेखी हव्यात. पैसे एकरकमी मिळत नाहीत, टप्प्याटप्प्याने मिळतात. टप्पा सादर केल्यावर किती दिवसांत तो मान्य वा अमान्य करायचा हे करारात नसेल, तर मंजुरी रखडते आणि महिन्याचा पगारही.

अमेरिकेतून येणाऱ्या रॉयल्टीवर तिथेच कर कापला जातो. आवश्यक अर्ज भरून भारत-अमेरिका कर कराराचा लाभ घेतला तर तो साधारण १५ टक्के, न घेतल्यास ३० टक्के. वर दिलेला सीएचा खर्च म्हणूनच आहे.

गेम नेमका कोणाच्या मालकीचा?

प्रकाशक पैसे देण्यापूर्वी विचारतो की यातले प्रत्येक चित्र, प्रत्येक सूर तुमचा आहे याचा कागद दाखवा. अनेक पिच इथे अडकतात. कल्याणच्या मित्राने मैत्रीखातर संगीत करून दिले, पैसे यूपीआयने पाठवले, कागद काहीच नाही. भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार हक्काचे हस्तांतरण लेखी असावे लागते. कागद केला पण त्यात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिला नाही तर हस्तांतरण फक्त भारतापुरते मानले जाते. जगभर विकायच्या गेमसाठी असा अर्धवट कागद जवळजवळ निरुपयोगी.

दुसरी अडचण नोकरीची. नोकरीच्या कामाचा भाग म्हणून केलेल्या निर्मितीचा हक्क, वेगळा करार नसल्यास, मालकाचा असतो. रात्री घरी केलेले काम त्यात सहसा बसत नाही, पण नेमणूकपत्रात ‘नोकरीच्या काळातील सर्व निर्मिती कंपनीची’ असे कलम असू शकते. ऑफिसच्या लॅपटॉपवर गेम बनवणे तर टाळावेच. दिवसा गेम स्टुडिओतच काम करणाऱ्याने आपले नेमणूकपत्र पुन्हा एकदा काढून वाचलेले बरे.

गेमची, पात्रांची आणि नावाची मालकी डेव्हलपरकडे राहील, प्रकाशकाला ठरावीक वर्षांचा परवाना मिळेल, असा करार अनेक इंडी प्रकाशक करतात. संपूर्ण मालकी मागणारेही आहेत. पुढच्या भागावर पहिला हक्क कोणाचा आणि प्रकाशक बुडाला किंवा त्याने गेम सोडून दिला तर हक्क परत कसे मिळतील, ही कलमे बहुधा शेवटच्या पानांवर असतात. ‘स्टारड्यू व्हॅली’ हा एरिक बॅरोन यांनी एकट्याने चार वर्षांहून अधिक काळ खपून बनवलेला गेम २०१६ मध्ये प्रकाशकामार्फत आला. मालकी हाती असल्याने पुढे प्रकाशनाचे कामही त्यांना स्वतःकडे घेता आले.

सरकारी मदत मिळते का?

थोडी. केंद्राच्या ‘स्टार्टअप इंडिया सीड फंड’ योजनेत नमुना तयार करण्यासाठी २० लाखांपर्यंत अनुदान आणि बाजारात उतरण्यासाठी ५० लाखांपर्यंत परतफेडीचे किंवा समभागांत बदलता येणारे साहाय्य आहे. ते थेट मिळत नाही, मान्यताप्राप्त इन्क्युबेटरमार्फत मिळते. पवईत आयआयटी मुंबईचे ‘साइन’, विद्याविहारला सोमय्याचे ‘रिडल’ अशी केंद्रे मध्य रेल्वेवरून तासाभरात गाठता येतात. कोणत्या योजनेचे अर्ज सुरू आहेत हे मात्र तिथेच विचारावे लागते. राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये ॲनिमेशन, व्हीएफएक्स, गेमिंग, कॉमिक्स क्षेत्रासाठी धोरण मंजूर केले. २०५० पर्यंत ३,२६८ कोटी रुपयांचा आराखडा त्यात आहे. तिघांच्या चमूपर्यंत त्यातले काय पोहोचते, हे अंमलबजावणीत दिसेल.

ऑगस्ट २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी आणली. तोवर भारतात ‘गेमिंग’मधली मोठी गुंतवणूक रमी आणि फँटसी क्रिकेटकडे जात होती. तो पैसा आता खऱ्या व्हिडीओ गेमकडे वळेल, अशी या क्षेत्राची आशा आहे. बँकेच्या व्यवस्थापकाला आणि घरच्यांना ‘गेमिंग कंपनी’ म्हणजे रमी नव्हे हे समजावणे तरी त्यामुळे थोडे सोपे व्हावे.

सगळीकडून नकार आला तर?

किकस्टार्टरवर भारतातील रहिवाशाला थेट मोहीम काढता येत नाही, परदेशातला भागीदार लागतो. स्टीमवर मात्र १०० डॉलर भरून कोणालाही गेम लावता येतो. विक्री एक हजार डॉलरच्या पुढे गेली की ते शुल्क परत मिळते. गेम पूर्ण होण्याच्या वर्षभर आधी पान उघडून लोकांना ‘विशलिस्ट’ करू द्यायचे आणि ‘नेक्स्ट फेस्ट’ या वर्षातून तीनदा होणाऱ्या उपक्रमात मोफत तुकडा खेळायला ठेवायचा, हा आज रूढ मार्ग आहे. एका गेमला नेक्स्ट फेस्टमध्ये एकदाच भाग घेता येतो, त्यामुळे कच्चा तुकडा घेऊन घाईने उतरण्यात नुकसान आहे.

विशलिस्टचा आकडा पिचमध्येही जातो. प्रकाशकाने जानेवारीत नाकारलेला गेम हजारो विशलिस्ट घेऊन ऑक्टोबरमध्ये त्याच दारात गेला तर तो पुन्हा पाहिला जातो. मधले नऊ महिने तिघांपैकी दोघांनी नोकरी चालू ठेवायची की तिघांनीही, हे त्यांच्या ३५ लाखांच्या तक्त्यात कुठेच लिहिलेले नसते.